पारडे एकट्या मुलाच्या हाती देऊ नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत आणि बाजारपेठांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलाला दुकानावर बसवायचे की कॉलेजात घालायचे? बऱ्याच घरांत यावर मधला तोडगा निघतो. "कॉलेजात नाव घाल, पण दुकानावर येत जा," असे अब्बा सांगतात. मुलगा हो म्हणतो, फी भरली जाते, नवी वही-पुस्तके घरात येतात. दोन वर्षांनी त्याच मुलाला कोणी कॉलेजबद्दल विचारले तर तो मान खाली घालून सांगतो, "छोड दिया." घरात कोणाला फारसे आश्चर्यही वाटत नाही. "त्याचे मन अभ्यासात नव्हतेच," एवढे बोलून विषय संपवला जातो.

नोकरी किंवा धंदा सांभाळून शिकण्याला आमचा विरोध नाही. ज्या घरात एकाच्या कमाईवर सात-आठ माणसे जेवतात, त्या घरातल्या तरुणाने नुसतेच शिकावे असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. कमवत शिकणे हा आपल्यापैकी हजारो मुलांसाठी शिक्षणाचा एकमेव मार्ग आहे. मात्र हा समतोल मुलाने एकट्याने साधावा, अशी जी आपली अपेक्षा असते ती आम्हाला मान्य नाही. त्याच्या दिवसाचे तास कोण ठरवतो? सुटी कोण देतो? दुकान किती वाजता उघडायचे आणि शटर किती वाजता ओढायचे, हे कोणाच्या हातात असते? मालकाच्या. म्हणजे तराजूचे एक पारडे मुलाच्या हातात असेल, तर दुसरे आपल्या हातात आहे. या लेखात आम्ही मुलांना उपदेश करण्याआधी व्यापारी आणि कारखानदार बांधवांशीच बोलणार आहोत.

मालक परका नाही

सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला. त्यातील शिक्षणाचे आकडे आपल्या सभांमधून वारंवार सांगितले जातात. वीस वर्षे व त्यापुढील वयाच्या मुस्लिमांमध्ये पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांपेक्षाही कमी होते, तर देशाच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे सात टक्के होते. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा व्यापाऱ्यांच्या सभेतही फारसा कोणी सांगत नाही. काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात होते आणि हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आपला मुलगा काम करत असेल, तर तो बहुधा सरकारी कचेरीत किंवा मोठ्या कंपनीत नसतो. तो वडिलांच्या दुकानात, मामूच्या गॅरेजमध्ये, ओळखीच्या सेठच्या कारखान्यात किंवा उस्तादच्या हाताखाली असतो. त्याला परीक्षेची सुटी द्यायची की नाही, हे मंत्रालयात ठरत नाही. ते आपल्याच गल्ल्यावर ठरते. शासनाकडून ज्या मागण्या करायच्या त्या जरूर कराव्यात, पण जे आपल्या हातात आहे त्यासाठी कोणत्या आयोगाची वाट पाहायची?

चौदा वर्षांखालील मुलांचा हा विषय नाही, हेही येथेच स्पष्ट करतो. त्यांची जागा शाळेत आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदाही तेच सांगतो. आम्ही बोलत आहोत ते कॉलेजच्या वयाच्या मुला-मुलींबद्दल.

शिक्षण कोठे तुटते

मुलगा नापास होऊन कॉलेज सोडतो असे क्वचितच घडते. बहुतेकांचे कॉलेज हजेरीत तुटते. जून-जुलैत प्रवेश होतो, पहिले काही दिवस तो नेमाने जातो. मग एक दिवस माल उतरवायचा असतो, एक दिवस हेल्पर आलेला नसतो, एक दिवस वसुलीला जायचे असते. प्रत्येक कारण खरे असते आणि त्या दिवसापुरते महत्त्वाचेही असते. पण बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. आठवड्याचे दोन दिवस बुडाले की मुलगा त्या नियमाखाली गेला. पुढे तोंडी परीक्षा चुकते, प्रकल्पाची तारीख निघून जाते, एटीकेटी लागते आणि मग त्यालाच लाज वाटू लागते. नाव हजेरीपटावर राहते, मुलगा मात्र काउंटरवर असतो.

यंत्रमागाच्या गावांत अडचण आणखी वेगळी आहे. मालेगाव, भिवंडीत माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात आणि अनेक ठिकाणी दिवसपाळी-रात्रपाळी आलटून-पालटून येते. या आठवड्यात सकाळी मोकळा असलेला मुलगा पुढच्या आठवड्यात सकाळी मागावर उभा असतो. अशा मुलाने कोणत्या वर्गाला बसावे? मुक्त विद्यापीठाची संपर्कसत्रे बहुधा रविवारी असतात, तर मालेगावात मागांची सुटी शुक्रवारी असते. म्हणजे दूरशिक्षणाचा मार्गही मालकाने रविवारची पाळी बदलून दिल्याशिवाय पूर्ण उघडत नाही.

तिसरी गोष्ट रमजानची. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये तो १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला सुरू झाला. म्हणजे कापड, रेडिमेड, चपला, अत्तर, शेवया आणि सुकामेव्याच्या दुकानांतली वर्षातली सर्वांत मोठी धावपळ आणि बोर्डाच्या परीक्षा एकाच वेळी आल्या. तरावीहनंतर रात्री एक-दोन वाजेपर्यंत दुकानात उभे राहायचे, सहरी करून थोडे पडायचे आणि सकाळी अकरा वाजता पेपर लिहायचा, हे किती मुलांना जमेल? हा धंदा कोणत्या महिन्यात येणार हे आपल्याला वर्षभर आधी माहीत असते. परीक्षेचे वेळापत्रकही काही महिने आधी जाहीर होते. मालाची ऑर्डर आपण तीन महिने आधी देतो, मग त्या पंधरा दिवसांसाठी जादा माणूस आधी का ठरवत नाही?

पाळी वाटून घेण्याची रीत जुनी आहे

कामाचा आणि शिक्षणाचा मेळ घालणे ही आजची कल्पना नाही. सहीह बुखारीत, इल्मच्या प्रकरणात, इल्म मिळवण्यासाठी पाळ्या लावून घेण्याविषयीचा एक स्वतंत्र बाब आहे. हजरत उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या भागात राहत असत. तेथून प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या मजलिसीत रोज येणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी आपल्या अन्सारी शेजाऱ्याशी ठरवून घेतले होते. एक दिवस शेजाऱ्याने जायचे, एक दिवस उमर (रजि.) यांनी. जो जाईल त्याने त्या दिवशी जे ऐकले ते परत येऊन दुसऱ्याला सांगायचे. भाष्यकारांनी यावरून असे म्हटले आहे की, इल्म शोधणाऱ्याने आपल्या रोजीरोटीकडे दुर्लक्ष करू नये, पण रोजीरोटीपायी इल्मही सोडू नये. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे काम एकट्याने झाले नाही. दोघांनी मिळून व्यवस्था केली तेव्हा ते जमले.

व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे असे दुसरे उदाहरण इमाम अबू हनीफा (रह.) यांचे आहे. ते कूफा शहरातले रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांचे शिष्य अबू यूसुफ गरीब घरातले होते. घरच्यांनी त्यांना सांगितले की तुझ्या उस्तादांची भाकरी भाजून तयार आहे, तुला मात्र कमवावे लागेल. अबू यूसुफ यांचे येणे कमी झाले, तेव्हा इमाम साहेबांनी कारण विचारले, त्यांना दिरहमांची थैली दिली आणि संपली की सांग म्हणून बजावले. पुढे न मागताही ते देत राहिले, असे चरित्रग्रंथांत नमूद आहे. हेच अबू यूसुफ पुढे खलीफा हारून रशीद यांच्या काळात सर्वोच्च काझी झाले आणि महसूल व करव्यवस्थेवरील 'किताबुल खराज' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. एका कापड व्यापाऱ्याने एका मुलाची अडचण वेळेवर विचारली, त्याचे फळ असे निघाले. आपल्या कारखान्यात गैरहजर राहणाऱ्या मुलाला आपण कारण विचारतो. कॉलेजात गैरहजर राहणाऱ्याला कधी विचारले आहे काय?

आपल्या महाराष्ट्रातही ही वाट मळलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना काम करून शिकण्याची सवय लावली. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. या दोघांनी गरीब मुलाला "तू जमव" असे सांगितले नाही. त्यांनी घड्याळ मुलाच्या सोयीने लावले. आपल्याकडे दुकानांची आणि कारखान्यांची हजारो घड्याळे आहेत. त्यांतली थोडी तरी हलवता येतील.

"शिकून शेवटी दुकानावरच बसायचे ना?"

हा प्रश्न आम्ही अनेक व्यापाऱ्यांकडून ऐकतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पदवी घेऊन रिकामे बसलेले तरुण प्रत्येक मोहल्ल्यात दिसतात. दुसरीकडे दहावी झालेला हुशार मेकॅनिक चांगले कमावतो. मग तीन वर्षे आणि फी का घालवायची?

याचे उत्तर धंद्यातच शोधावे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. विवरणपत्रे, खरेदी-विक्रीच्या बिलांचा मेळ, ई-वे बिल, इनपुट क्रेडिट या गोष्टी आता लहान दुकानापर्यंत आल्या आहेत. नोटीस आली की ती वाचून घेण्यासाठी आपण कर सल्लागाराच्या दारात बसतो. त्याने काय भरले हे आपल्याला कळत नाही, भरले नाही हेही कळत नाही. घरातला मुलगा वाणिज्य शाखेत शिकत असेल आणि रोज संध्याकाळी आपलीच बिले हाताळत असेल, तर दुकान हीच त्याची प्रयोगशाळा होते. पुस्तकातले सकाळी शिकलेले त्याला संध्याकाळी गल्ल्यावर दिसते. ही सोय नोकरदाराच्या मुलाला नाही.

कारागिरांचेही तसेच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेल्या कसबाचा हा मान आहे. पण मानांकनाचा अधिकृत वापर करायचा तर कारागिराला आपले नाव नोंदवावे लागते, अर्ज भरावा लागतो, परगावच्या आणि परदेशच्या ग्राहकाशी पत्रव्यवहार करावा लागतो. भोपळा निवडणारा हात आणि अर्ज लिहिणारा हात एकाच घरातला असेल, तर मधल्या दलालाची गरज उरत नाही.

शिकलेला मुलगा दुकानात बसणार नाही, ही भीतीही अनेकांना वाटते. काही जण बसणार नाहीत, हे खरे आहे. पण ज्याला शिकू दिले नाही तो मनाने दुकानात असतो असे थोडेच आहे? शिवाय उस्ताद-शागीर्दीची आपली पद्धत ज्या पेशात आजही सन्मानाने टिकली आहे, तो पेशा पाहावा. चार्टर्ड अकाउंटंट होणाऱ्याला आर्टिकलशिप करावी लागते. तो अनुभवी सी.ए.च्या हाताखाली काम करतो, विद्यावेतन घेतो आणि परीक्षाही देतो. ही आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. काम आणि अभ्यास एकत्र चालतात यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? तेथे आणि आपल्या गॅरेजमध्ये फरक इतकाच की, शागीर्दाला परीक्षा द्यायची आहे हे तेथला उस्ताद पहिल्या दिवसापासून गृहीत धरतो.

मालकांनी काय करावे

आमच्या सूचना साध्या आहेत. त्यांना मोठे भांडवल लागत नाही.

पहिली, वेळ ठरवून द्यावा. "मोकळा असशील तेव्हा अभ्यास कर" हे वाक्य धंद्यात निरर्थक आहे, कारण दुकानात कोणीच कधी मोकळा नसतो. रोजचे दोन तास निश्चित करावेत आणि त्या वेळेत गिऱ्हाईकांची कितीही गर्दी असली तरी मुलाला हाक मारू नये.

दुसरी, शिकणाऱ्या कामगाराला एकच पाळी द्यावी. पाळी बदलायचीच असेल, तर सत्र संपल्यावर बदलावी. ज्याला रविवारचे संपर्कसत्र आहे त्याच्याकडून शुक्रवारी किंवा दुसऱ्या वेळी काम भरून घ्यावे.

तिसरी, परीक्षेच्या तारखा दुकानाच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहाव्यात. उधारीच्या तारखा जशा आपण विसरत नाही, तशा याही विसरू नयेत.

चौथी, पगार ठरवून बोलावा आणि वेळेवर द्यावा. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची ताकीद आपल्या दीनने दिली आहे. घरच्या मुलालाही "सगळे तुझेच तर आहे" असे सांगून रिकाम्या हाती ठेवू नये. त्याची फी आणि बसभाडे त्याच्या कष्टातून जाते हे त्याला कळले पाहिजे. तास कमी केले म्हणून पगार थोडा कमी होत असेल तर तसे आधीच सांगावे, महिनाअखेरीस कापू नये.

पाचवी सूचना बाजार संघटना, जमाती आणि मस्जिद कमिट्यांना आहे. आपल्या अनेक घरांत दोन खोल्यांत दहा माणसे असतात, तेथे रात्री दिवा लावून बसणेही अवघड असते. मस्जिदीच्या किंवा जमातखान्याच्या आवारातली एक खोली इशानंतर दोन-तीन तास अभ्यासासाठी उघडी ठेवली, तर तिचा उपयोग पुष्कळांना होईल. बाजारातल्या दहा दुकानदारांनी मिळून परीक्षेच्या काळासाठी दोन बदली माणसे ठेवली, तर एकावरही भार पडणार नाही.

रमजानमध्ये आपण जकात काढतो, गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी देतो. हे चांगले आहे, चालू राहावे. पण आपल्याच दुकानात काम करून स्वतःची फी भरणाऱ्या मुलाला जकात नको असते. त्याला वेळ हवा असतो आणि तो आपल्याशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.

मुलांनी काय पाळावे

आता दोन शब्द शिकणाऱ्यांसाठी. अभ्यासक्रम कामाला साजेसा निवडावा. दिवसभर प्रात्यक्षिके असणारी शाखा आणि पूर्णवेळ काम यांचा मेळ सहसा बसत नाही. सकाळचे वाणिज्य किंवा कला महाविद्यालय, अथवा दूरशिक्षण, हे त्या मानाने पेलणारे आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करत आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, तेथेही दूरशिक्षणाची सोय आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. मात्र प्रवेशापूर्वी ती संस्था आणि तो अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत आहे की नाही, हे स्वतः तपासावे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणाने मिळवून देतो असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या हातात पैसे देऊ नयेत.

गॅरेज, वेल्डिंग, वायरिंगच्या कामातल्या मुलांनी आयटीआयकडे पाहावे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे आणि पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षातही जाता येते. हातचे कसब वाया न जाता ही शिडी चढता येते.

कामाच्या तासांत मात्र काम प्रामाणिकपणे करावे. मालकाने दिलेले दोन तास ही अमानत आहे. ते तास मोबाईलवर किंवा नाक्यावर गेले, तर आपल्यामागून येणाऱ्या मुलाचेही दार बंद होते. आणि वर्षाचे सगळे विषय झेपत नसतील, तर कॉलेज सोडण्याऐवजी थोडे सावकाश जावे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका आणि तिसऱ्या वर्षाअखेर पदवी, अशी व्यवस्था ठरलेल्या अटींवर आली आहे. पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक जमा राहतात, खंड पडला तर पुढे तेथून सुरुवात करता येते.

मुलींचे काम दिसत नाही

मुलींबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. शिलाई, जरीकाम, फॉल-बिडिंग, मेहंदी, खाद्यपदार्थ अशी कामे करून शिकणाऱ्या मुली आपल्या घराघरांत आहेत. त्या घरीच असतात म्हणून त्यांचे काम नोकरीत धरले जात नाही आणि त्यांचा अभ्यास फावल्या वेळात होईल असे समजले जाते. प्रत्यक्षात मशीन, चूल आणि पाहुणे या तिन्हींचा भार त्यांच्यावर असतो. मुलाला रोजचे दोन तास द्यावेत असे आम्ही म्हणतो, तेच दोन तास मुलीलाही द्यावेत आणि त्या वेळेत चहासाठी तिला उठवू नये. तिच्या शिलाईचे पैसे किती झाले आणि त्यातले तिच्या फीसाठी किती राहिले, याचा हिशेब तिच्या हातात असावा.

व्यापारी बांधवांनो, आपण नफा-तोटा पाहणारे लोक आहोत, म्हणून त्याच भाषेत सांगतो. शिकणाऱ्या मुलाला रोज दोन तास दिले तर महिन्याचे साधारण पन्नास तास दुकानातून जातात. हा खर्च खरा आहे, तो नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तो दुकानाच्या खात्यावर टाकावा, मुलाच्या झोपेवर आणि हजेरीवर टाकू नये. या जूनमध्ये आपल्या दुकानात, कारखान्यात, गॅरेजमध्ये जो कोणी शिकणारा असेल त्याला बोलावून एवढेच विचारावे, "तुझा वर्ग किती वाजता असतो?" आणि तो जी वेळ सांगेल, त्या वेळेला त्याला सोडावे. इन्शाअल्लाह, ही बरकत दुकानाच्या बाहेर जाणार नाही.